बोलेल त्याला बिल्ला

वस्ती समितीची सभा ज्यांनी कधी पाहिली नाही ते सुखी आहेत, असं खुशाल समजा. समितीचं तत्त्व अगदी साधं होतं: जो बोलेल तो करेल. ऐकायला किती बरं वाटतं. कुणी उठून म्हणालं की कोपऱ्यावरचं गटार तुंबलंय, की सेक्रेटरीबाई टेबलाखालचा खोका वर काढायच्या, त्यातून पत्र्याचा गोल बिल्ला शोधायच्या, त्या माणसाच्या छातीवर लावायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. बिल्ल्यावर लिहिलेलं असायचं ‘गटारप्रमुख’. झालं. आता ते गटार त्याचं. तुंबलं तर त्याचं, वाहिलं तर त्याचं, आणि त्यात कुणाची चप्पल पडली तर ती काढायचं कामही त्याचंच.

ही रीत बाईंनी शाळेतून आणली होती. सगळं आयुष्य त्यांनी वर्गावर काढलं. एखादं पोर उठून म्हणालं, बाई, हे सगळे गोंधळ घालतायत, की त्याच पोराला मॉनिटर करायचं. तक्रारही मिटते आणि तक्रार करणाराही. शाळेत हे चाललं. पण मोठी माणसं पोरांपेक्षा लबाड असतात. त्यांनी चटकन ओळखलं, की इथे तोंड उघडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. एकदा एक गृहस्थ सभेत नुसते शिंकले, तर त्यांना आरोग्यप्रमुख केलं. शेजारी बसलेला बिचारा म्हणाला, “जपा हो.” तो उपप्रमुख. बिल्ल्यांना तोटा नव्हता, कारण अध्यक्षांचा पत्र्याचे डबे करायचा कारखाना होता, आणि डबा कापला की मधून गोल तुकडा निघतोच.

मग सुरू झाली अळीमिळी गुपचिळी. लोक सभेला यायचे आणि मूग गिळून बसायचे. डोक्यावरचा पंखा आता पडेल की मग पडेल असा गदगदा हलत असायचा, सगळे माना वर करून त्याच्याकडे बघत असायचे, पण ‘पंखा’ हा शब्द कुणी तोंडातून काढेल तर शपथ. हळूहळू खुर्च्या सरकवून लोक पंख्याच्या खालून बाजूला झाले, मग दाराकडे झाले, आणि मग एक दिवस दाराबाहेरच राहिले.

समितीने हातपाय गाळले नाहीत. भिंतीभिंतींवर कागद लागले: ‘बोला! वस्ती तुमची आहे.’ हातगाडीवर भोंगा बांधून गल्लोगल्ली फिरवला. सभेला येणाऱ्याला बिस्किटं मिळतील असं जाहीर केलं, तेव्हा मात्र लोक आले. पण सभा संपेपर्यंत बिस्किटं चघळत बसले, कारण तोंड भरलेल्या माणसाला कोण बोलायला सांगणार? अध्यक्षांनी सभा लांबवली, तर लोकांनी एकेक बिस्कीट चाटून चाटून पुरवलं.

हे झालं समितीचं. आता मामाचं.

मामा कुणाचाच सख्खा मामा नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता. वस्तीच्या मधोमध त्याचं सलून होतं. एक खोली, भिंतभर आरसा, पायाने दाबून वरखाली करायची लोखंडी खुर्ची, भिंतीशी लांबलचक बाक, आणि साबण, पावडर, ओले केस यांचा मिळून एक वास, जो मामाच्या शर्टाला सुट्टीच्या दिवशीही यायचा. मामाच्या तोंडात तीळ भिजत नसे. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि गंमत म्हणजे त्याचा हात जिभेवर चालायचा. बोलणं रंगात आलं की कात्री सुरेख पळायची, बोलणं अडलं की कात्री अडायची, आणि एखाद्या गोष्टीचा शेवट जवळ आला की मानेवरचे केस वस्तऱ्याने असे साफ व्हायचे की गिऱ्हाइकाने हात फिरवून दोनदा बघावं. गप्प राहून केस कापणं त्याला कधी जमलंच नव्हतं, आणि केस कापण्याशिवाय दुसरं काहीच जमत नव्हतं.

त्यामुळे बाकावर कायम गर्दी. निम्मी केस कापायला, निम्मी नुसती बोलायला. निवृत्त बसकंडक्टर तर रोज यायचा. त्याच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता, पण सकाळी आपला नंबर लावून बसायचा, आणि नंबर आला की ऐटीत खुर्चीत चढायचा. मामाही त्याच्या अंगावर कापड टाकायचा, डोक्याच्या वर हवेतल्या हवेत कात्री चालवायचा, आणि दोघं सगळ्या जगाची हजेरी घ्यायचे. इतर गिऱ्हाइकं ताटकळायची, पण कुणी कुरकुरत नसे, कारण त्या दोघांचं ऐकायला मजा यायची.

एक दिवस सेक्रेटरीबाई ‘बोला!’चा कागद चिकटवायला सलूनपाशी आल्या. एका हातात कागद, एका हातात डिंकाचा ब्रश. आत प्लंबर सांगत होता, की पाण्याची लाईन उलट्या उताराने टाकलीय. कंडक्टर सांगत होता, की बसचा थांबा चुकीच्या वळणावर आहे. बाकावरचा हिशेबनीस म्हणत होता, की हे दोन्ही चूक आणि खरा घोळ रस्त्याच्या रुंदीत आहे. आणि मामा तिघांनाही वेड्यात काढत होता. बाई उंबऱ्यावरच थबकल्या. डिंक टपटप त्यांच्या चपलेवर पडत राहिला.

“एवढं सगळं बोलता तुम्ही?” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते काही नाटक नव्हतं. बिचाऱ्या इतकी वर्षं ज्याची वाट बघत होत्या, ते सगळं या साबणाच्या वासात चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. त्यांनी मामाचा हात हातात घेतला. “मामा, लोक सभेकडे येत नाहीत, मग सभेनेच लोकांकडे जायला हवं. तुमचं दुकान हीच वस्तीची खरी सभा आहे. तुमची परवानगी असेल तर तसं जाहीर करतो.”

बघा, माणूस हरभऱ्याच्या झाडावर कसा चढतो. मामाला जन्मात कुणी कशाची परवानगी विचारली नव्हती. गिऱ्हाइकं ‘बारीक करा’ म्हणून सांगायची, मालक भाडं वाढलं म्हणून सांगायचा, बायको तर काही न सांगताच करून मोकळी व्हायची. आणि इथे अध्यक्ष विचारत होते. मामाने छाती फुगवून हो म्हटलं, वर स्वतःच्या हाताने आरसा पुसला.

कंडक्टर कोपऱ्यातून म्हणाला, “अरे, बोलेल त्याला बिल्ला असतो तिकडे.”

“तो तिकडे,” मामा म्हणाला. “आपल्या दुकानात कोण घाबरतो?”

आरशाच्या वर पाटी लागली: ‘येथे सभा कायम चालू आहे.’ पाटीखाली खुर्ची टाकून सेक्रेटरीबाई बसल्या, आणि मांडीवर तो खोका.

पहिला सापडला प्लंबर. तोंडभर फेस, अंगावर कापड, मान मागे टाकलेली. आपल्या सवयीने तो म्हणाला, “आज नळाला दाब नाही.” म्हणायचा अवकाश, बाई उठल्या आणि त्याच्या अंगावरच्या कापडालाच त्यांनी ‘जलप्रमुख’ लावून टाकलं. प्लंबर कापडासकट, फेसासकट, अर्ध्या दाढीसकट जो पळाला तो पळालाच. मामाचं कापडही गेलं.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुसऱ्या दिवसापासून लोक सलूनमध्ये पाय ठेवायच्या आधी ओठ शिवल्यासारखे मिटून घ्यायला लागले. केस किती ठेवायचे ते बोटांनी दाखवायचे. दाढी हवी असेल तर गालावरून हात फिरवायचा, नको असेल तर मान हलवायची. मामाने विचारलं, “काय, बरे आहात ना?” तर गिऱ्हाईक आधी बाईंकडे बघायचं, मग जमिनीकडे, आणि मग असा चेहरा करायचं की त्याचा अर्थ बराही निघावा आणि आजारीही.

आणि मामाचा हात अडला. समोर डोकं आहे, हातात कात्री आहे, पण कात्री पुढे जाईना. शाळामास्तरांच्या कानाला लागलं. मास्तर वेदनेने वेडेवाकडे झाले, पण ‘हाय’ म्हणाले नाहीत. हिशेबनीस थोडेसे कमी करून घ्यायला आला होता. मामाला कुठे थांबावं ते कळेना, कारण बोलण्याशिवाय त्याला केसांचा अंदाजच येत नसे. हिशेबनिसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ‘थांबा’ म्हटलं तर बसथांब्याचा बिल्ला लागेल या भीतीने तो शेवटपर्यंत बोलला नाही. घरी गेला तेव्हा त्याच्या आईने त्याला दारात ओळखलं नाही.

गिऱ्हाइकं आटायला लागली. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे एक नवं काचेचं सलून निघालं होतं. ते चालवणारा तरुण कानात गाण्यांची बोंडकं घालून काम करायचा, हूं की चूं नाही. लोक तिकडे वळले. मामाला गिऱ्हाईक जाण्याचं दुःख होतंच, दुकान बुडालं तर खाणार काय, हे त्यालाही कळत होतं. पण पोटापेक्षा जास्त त्याला वेगळंच काहीतरी लागत होतं. दिवसभर त्या खोलीत कात्रीचा नुसता आवाज ऐकून त्याला गुदमरल्यासारखं व्हायचं. आपण मेलो आहोत आणि अजून कुणी सांगितलेलं नाही, असं वाटायचं.

कंडक्टर तेवढा येत राहिला. खुर्चीत चढायचा, मामा हवेत कात्री चालवायचा, दोघं आरशातून एकमेकांकडे बघायचे, आणि दोघंही गप्प. कंडक्टरच्या ओठांच्या कडा थरथरायच्या. कितीतरी साठलेलं असणार त्याच्याकडे. मग एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामाने सकाळभर दाराकडे डोळे लावले, शेवटी त्याच्या नंबराला दुसरा कुणी बसला तर त्याच्यावरच चिडला.

मग मामाचा बांध फुटला. कुणी बोलत नाही ना, तर मी बोलतो, असं म्हणून तो एकटाच आरशाशी बोलायला लागला. “ही ट्यूब फार फडफडते,” म्हणाला. बाईंनी उठून ‘दिवेप्रमुख’ लावलं. “उकडतंय बाई आज.” ‘हवामानप्रमुख’. “ते मांजर बघा कसं बसलंय.” ‘प्राणीप्रमुख’. एकदा सहज म्हणून गेला, की घरातलं मीठ संपलंय, आठवणीने न्यायला हवं. बाईंच्या खोक्यात असला बिल्ला नव्हता. त्यांनी तो कारखान्यातून खास करवून आणला, आणि दुसऱ्या दिवशी मामा वस्तीचा मीठप्रमुख झाला. संध्याकाळपर्यंत तीन बायका वाट्या घेऊन दारात आल्या.

मामाच्या छातीवर जागा उरली नाही, तेव्हा बिल्ले पोटावर आले, मग बाह्यांवर. कात्री चालवताना तो खुळखुळायचा. रस्त्यातून चालला की लोक लांबूनच ओळखून बाजूच्या गल्लीत शिरायचे.

घरी मामी पाळणाघर चालवायची. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून तिचं डोकं फिरलेलं असायचं. ती रात्री मामाच्या शर्टाचे बिल्ले काढायची, शर्ट धुवायची, सकाळी पुन्हा एकेक लावायची. “अहो, गप्प बसायला काय होतं तुम्हाला?” ती म्हणाली. “माझी ती पाळण्यातली पोरंसुद्धा दुपारी तासभर बसतात.”

“अगं, हातच चालत नाही माझा.”

“मग जिभेवर काहीतरी ठेवा. लवंग ठेवा.”

मामाने लवंग ठेवली. दुपारी बाईंना म्हणाला, “लवंग फार तिखट आहे हो.” पुढचं सांगायला नको.

शेवटी तो वैतागला. आरशाकडे पाठ करून बाईंपुढे उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, पुरे झालं. मला राजीनामा द्यायचाय.”

बाईंनी खोक्यात हात घातला. “राजीनामा हा विषय तुम्ही काढलात ना मामा? मग राजीनामे बघणं तुमच्याकडे.” आणि ‘राजीनामाप्रमुख’ असा बिल्ला त्याच्या कॉलरला लागला, कारण बाकी शर्टावर जागा नव्हती. त्याचा स्वतःचा राजीनामा तसाच राहिला, कारण राजीनामाप्रमुखाने स्वतःचा राजीनामा स्वतःच घेणं बरं दिसत नाही, असं अध्यक्ष म्हणाले.

आता मात्र एक मजाच झाली. संध्याकाळी अध्यक्षच दारात उभे. चेहऱ्यावर इतका आनंद, की मामाला वाटलं त्यांच्या घरी काही शुभकार्य आहे. “मामा, वस्तीतलं प्रत्येक पद भरलं. असा सहभाग आजवर कुठल्याच वस्तीत झाला नसेल. तुमचा सत्कार करायला हवा, पण सत्कार हा विषय मी काढणार नाही.” मग त्यांनी हळूच घसा साफ केला. “तेवढा माझा राजीनामा घ्या. कधीपासून वाट बघत होतो, घेणारं कुणी नव्हतं.” त्यांच्या मागे उपाध्यक्ष उभे होते. त्यांच्या मागे आरोग्यप्रमुख, आणि त्यांच्या मागे ते ‘जपा हो’ म्हटलेले. सगळ्यांनी आपापले बिल्ले मामाच्या हातात टेकवले आणि शिट्टी मारत निघून गेले. मामाचा पुरता मामा बनवला त्यांनी.

सगळ्यात शेवटी सेक्रेटरीबाई उठल्या. त्यांनी खोका मामाच्या लोखंडी खुर्चीवर ठेवला. थोडा वेळ झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“मला वाटायचं, एक बोलेल, त्याचं बघून दुसरा बोलेल,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी म्हणेल, बाई, इकडे द्या तो खोका, दमलात तुम्ही. किती वर्षं एकटीने उचलला मी.”

मामाला त्यांचा राग करायचा होता, पण करता येईना. तो म्हणाला, “बसा बाई, चहा सांगतो.” बाईंचा हात सवयीने खोक्याकडे गेला, मग त्यांचं त्यांनाच हसू आलं, आणि त्या चहा न घेताच गेल्या.

तर आता समिती म्हणजे मामा, आणि मामा म्हणजे समिती. अंगातलं सगळं बळ एकवटून तो स्टुलावर चढला आणि आरशावरची पाटी त्याने उपटून काढली. दारात उभा राहून मोठ्याने सांगितलं, “ऐका हो, सभा संपली. दुकान पुन्हा दुकान झालं. या आणि बोला.” बाक पुसला, खुर्चीला तेल दिलं, आणि वाट बघत बसला.

कुणी आलं नाही. सबंध आठवडा कुणी आलं नाही. पाटी गेली तरी लोकांना ठाऊक होतं, की जिथे मामा तिथे सभा. कोपऱ्यावर चौघं गप्पा मारत असायचे, मामाची खुळखुळ आली की चौघं चार दिशांना बघत उभे राहायचे. एक आई आपल्या रडणाऱ्या पोराला म्हणाली, “गप्प बस, नाहीतर ते मामा बघ, बिल्ला लावतील.” आणि पोर गप्प बसलं. ज्या माणसाच्या मांडीवर त्या पोराचे पहिले केस कापले गेले होते, त्याचा आता बागुलबुवा झाला होता. बिल्ले काढून ठेवले तर? तेही करून बघितलं त्याने. पण बिल्ल्यांच्या टाचण्यांनी शर्टाला इतकी भोकं पडली होती, की लोकांना बिल्ले नसतानाही दिसायचे. पुन्हा लावले.

मामीने सांगून बघितलं, की घरी बसा, पोरांना खेळवा. मामा एक दुपार पाळणाघरात बसला आणि पोरांशी बोलत राहिला. सगळी पोरं झोपली. मामी खूश झाली, पण मामाला वाटलं, नको हे. ऐकता ऐकता झोपणाऱ्यांना सांगून काय करायचं?

मग एका संध्याकाळी तो मोठा रस्ता ओलांडून पलीकडे गेला. का गेला ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. स्वतःचे केस वाढलेत, कुणीतरी कापायला हवेत, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. खोका काखेत होता, कारण दुकानात सोडला आणि कुणी नेला तर, अशी भीती त्याला वाटायची. वास्तविक तो खोका कोण नेणार होतं?

काचेच्या दाराबाहेरच तो थांबला. आतून आवाज येत होता. खच्चून भरलेला, एकावर एक चढलेला, जुना ओळखीचा आवाज. प्लंबर लाईनबद्दल बोलत होता. हिशेबनीस त्याला खोडत होता. त्याचे केस आता बरेच आले होते. मास्तर काहीतरी सांगून स्वतःच हसत होते. मामा काचेला नाक लावून उभा राहिला. त्याचीच माणसं, त्याचंच बोलणं, फक्त तो नव्हता. त्याच्या छातीत अशी कळ आली, की त्याला आधी वाटलं कुठल्यातरी बिल्ल्याची टाचणी लागली.

त्याने दार ढकललं. खुळखुळ झाली. आणि सगळं बंद झालं.

प्लंबरचा हात बोलता बोलता वर उचललेला होता, तो तसाच वर राहिला. मास्तरांनी वर्तमानपत्र उलटं धरून वाचायला घेतलं. गाणी ऐकणाऱ्या तरुणालाही काहीतरी झाल्याचं कळलं, कारण त्याने एका कानातलं बोंडकं काढून इकडेतिकडे बघितलं. “बसा ना मामा,” तो म्हणाला, आणि हिशेबनिसाने घाईघाईने त्याच्या पायावर पाय दिला.

मामा बाकाच्या टोकाला बसला. खोका मांडीवर ठेवला. समोर खुर्चीत कापड गुंडाळून कुणीतरी बसलं होतं, आणि आरशात मामाला त्याचं तोंड दिसलं. कंडक्टर.

मामाने मान खाली घातली. बाकीच्यांचं एक वेळ सोडा. पण याने यावं? डोक्यावर एक केस नसताना, रस्ता ओलांडून, दुसऱ्याच्या खुर्चीत? मामाला वाटलं, उठावं आणि जावं, आणि उद्या दुकानाला कुलूप लावून टाकावं. त्याला खरोखर रडू आलं होतं. त्याने खोक्याचं झाकण नखाने खरवडायला सुरुवात केली.

“मामा,” कंडक्टर म्हणाला.

मास्तरांनी वर्तमानपत्राआडून डोकं काढलं.

“मामा, आमच्या गल्लीच्या तोंडाशी खड्डा पडलाय.”

“बोलू नकोस,” मामा म्हणाला. “तुला ठाऊक आहे ना काय होतं ते.”

“ठाऊक आहे. खड्डा पडलाय, आणि चांगला मोठा आहे. काल त्यात एक म्हातारी सायकलसकट गेली.”

“अरे, तुझा होईल तो खड्डा. जन्माचा.”

“होऊ दे.” कंडक्टरने खुर्ची फिरवली आणि अंगावरचं कापड काढून छाती पुढे केली. “लाव.”

मामाच्या डाव्या बाहीवर ‘खड्डेप्रमुख’ होता. रस्त्यात पाय मुरगळला तेव्हा ओरडला होता, त्यात मिळालेला. तो त्याने कंडक्टरकडे बघता बघताच ओढला. टाचणी निघाली, कंडक्टरच्या शर्टात शिरली, आणि शर्टातून पुढे कंडक्टरमध्येही शिरली. कंडक्टर कळवळला, पण जागचा हलला नाही.

“मग तू इकडे का आलास?” मामाने एकदम विचारलं. “माझ्या खुर्चीत काय काटे होते?”

कंडक्टरने छातीवरचा बिल्ला सरळ केला. “तुझ्याकडे बसून तुला गप्प बघवेना मला,” तो म्हणाला. “बाकी कुणी गप्प बसलं तर बसलं रे. तू गप्प, म्हणजे घरात कुणी गेल्यासारखं वाटायचं.”

प्लंबरचा हात अजून वरच होता. तो त्याने हळूच खाली घेतला, मांडीवर पुसला, आणि म्हणाला, “त्या खड्ड्याच्या खालून पाण्याची लाईन गेलीय. नुसता बुजवून नाही चालायचं, मी असलो पाहिजे तिथे.” म्हणाला आणि स्वतःच दचकून त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. मामाने खोक्याला हात लावला नाही. थोडं थांबून प्लंबरने खिशावरचा हात काढला.

“लावायचा असेल तर लावा,” तो म्हणाला, “पण जलप्रमुखाचा लावा. कापड तुमचं अजून माझ्याकडेच आहे, त्यावर आहे तो.”

“कंडक्टर,” हिशेबनीस भीत भीत म्हणाला, “म्हातारीला लागलं का फार?”

सगळे मामाकडे बघायला लागले. आता तो काहीतरी बोलणार, सुरू होणार, आणि मग रात्र पुरणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मामाने तोंड उघडलं. इतके दिवस आरशाशी आणि मांजराशी बोलून साठलेलं सगळं घशाशी आलं होतं, पण आता त्यातलं काही सांगावंसं त्याला वाटेना. तो बाकावर थोडा सरकला आणि आपल्या शेजारी कंडक्टरला जागा करून दिली.

“खड्डा केवढा आहे?” त्याने विचारलं.

कंडक्टर येऊन बसला आणि दोन्ही हात पसरून सांगायला लागला. मामा ऐकत राहिला.